गरम स्टिअरिंगच्या नादी लागण्याआधी

पुण्यात पारा ८ अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'पुणेकर गारठले' हा मथळा ठरलेला. विनिपेगला जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमानच उणे २० च्या आसपास असतं, त्याची बातमी कोण करणार? एडमंटन, कॅल्गरी, ओटावा, सीमेपलीकडे मिनियापोलिस, शिकागो. या सगळ्या गावांत आता मराठी घरं आहेत, गणपती बसतात, दिवाळी अंक पोचतात, आणि बहुतेक घरांच्या दारात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली एक गाडी असते. सकाळी सातला, बाहेर मिट्ट काळोख असताना त्या गाडीत बसून स्टिअरिंगला हात लावला की काय होतं ते ज्याने सोसलंय त्यालाच कळतं. सीट दोन-तीन मिनिटांत ऊबदार होते, कारण सीटचा हीटर इकडे बऱ्याच गाड्यांत येतो. बोटं मात्र सिग्नलामागून सिग्नल गेले तरी बधिरच.

नोव्हेंबर उजाडला की मला फोन सुरू होतात. माझं पोट गाड्यांच्या वायरिंगवर चालतं हे इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे प्रस्तावना नसते. "काका, ऑनलाइन एक किट दिसतंय. हीटिंग पॅड, बटण, वायर, सगळं त्यातच आहे. शनिवारी दुपारी येता का? पोहे करतो." पोह्यांना माझी ना नाही. किटला आहे. ती का आहे हे दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा खटाटोप.

आधीच सांगतो, गरम स्टिअरिंग ही चैन आहे असं मी मानत नाही. ज्यांना रेनॉचा त्रास आहे, म्हणजे थंडी लागली की बोटांतला रक्तपुरवठा आखडून ती पांढरीफटक पडतात, त्यांना गार चाक धरणं ही रोजची शिक्षा असते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर हा त्रास वाढू शकतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांचंही तेच. आणि बधिर हातांनी गाडी चालवणं हा नुसता सोसण्याचा प्रश्न नाही. बर्फावर गाडी जराशी सरकली तर चाक नेमकं किती फिरवायचं हे बोटांना समजावं लागतं. तेव्हा ऊब हवी, हे मान्य. ती कुठे आणि कशी बसवायची, यावर आपलं भांडण आहे.

हीटर ही वस्तू मुळात अगदी बाळबोध. चाकाच्या कड्यावर, चामड्याच्या खाली, बारीक तारांची नाहीतर कार्बनच्या तंतूंची एक पातळ जाळी असते. तिच्यातून १२ व्होल्टवर ५ ते ८ अँपिअर वीज वाहते, म्हणजे साधारण ६० ते १०० वॅट. एक चिमुकला सेन्सर तापमानावर नजर ठेवतो आणि कडं सोसवेल इतकं ऊबदार झालं की वीज तोडतो, गार झालं की पुन्हा जोडतो. यात न समजण्यासारखं काही नाही, आणि आपल्यात तर घरटी एक इंजिनिअर. सॉफ्टवेअरचा असला तरी हातात स्क्रू ड्रायव्हर आला की त्याला वाटतं, एवढीशी तर वायर आहे! वायर खरंच एवढीशी आहे. पण ती ज्या चाकात घालायची ते चाक गोल फिरतं, आणि त्याच्या मधोमध, तुमच्या छातीपासून हातभर अंतरावर, एअरबॅग बसलेली आहे.

या दोन गोष्टींमुळे साध्या हीटरचं काम अवघड होतं. आधी फिरण्याचं बघू.

चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन वेळा फिरतं. त्यातल्या हॉर्नला, आवाजाच्या बटणांना, क्रूझ कंट्रोलला आणि एअरबॅगला वीज पोचवायची तर साधी वायर चालत नाही, चार-आठ दिवसांत पिळून तुटेल. म्हणून चाकाच्या मागे, दांड्याभोवती, तळहाताएवढी एक चपटी प्लास्टिकची डबी असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. मी ती उघडून दाखवतो तेव्हा लोकांचा चेहरा पडतो, कारण आत स्प्रिंग नसतेच. आत असते एक पातळ, चपटी पट्टी, कॅसेटमधल्या फितीसारखी गुंडाळलेली. पारदर्शक प्लास्टिकमध्ये तांब्याच्या कागदासारख्या पातळ रेघा. चाक डावीकडे फिरवलं की ती घट्ट होते, उजवीकडे फिरवलं की सैल पडते. दोन बोटांत धरून जरा ओढली तरी फाटेल इतकी नाजूक. याच पट्टीतल्या दोन-चार रेघांमधून अपघाताच्या क्षणी एअरबॅगला हुकूम जातो.

आता हे लक्षात घ्या. हॉर्नचं बटण दाबता तेव्हा हॉर्नची सगळी वीज त्या पट्टीतून जात नाही. बटण फक्त रिलेला इशारा देतं, हॉर्न वाजवण्याचं काम रिले करतो. म्हणून हॉर्नची रेघ बारीक असली तरी भागतं. गरम स्टिअरिंगचं तसं नाही. तिथे सात-आठ अँपिअर प्रत्यक्ष त्या पट्टीतून कड्यापर्यंत न्यावे लागतात, तेही एकेका वेळी कितीतरी मिनिटं. म्हणून कारखान्यातून गरम स्टिअरिंग घेऊन आलेल्या गाडीची क्लॉक स्प्रिंग बऱ्याचदा वेगळी असते. तिच्यात हीटरसाठी रुंद रेघा असतात. तुमच्या साध्या गाडीतल्या डबीत त्या रेघा नसण्याचीच शक्यता जास्त. स्वस्त किटवाले यावर जो तोडगा काढतात तो ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. हॉर्नच्या रेघेतून हीटर चालवा म्हणतात. बारीक रेघेतून भलती वीज गेली की ती तापते, प्लास्टिक मऊ पडतं, आणि शेजारची रेघ एअरबॅगची असते.

दुसरा तोडगा म्हणजे वायर सैल ठेवून दांड्याभोवती गुंडाळायची, चाक फिरेल तशी ती उलगडेल. पार्किंगमध्ये उलगडते खरी. हायवेवर, वळणावर, झटक्यात चाक फिरवायची वेळ आली आणि ती वायर इंडिकेटरच्या दांडीत अडकली, तर काय होईल ते मी लिहायला नको.

सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची गरम कव्हरं मिळतात, त्यांचीही हीच गत. काही डॉलरांचं कव्हर, त्याची लोंबणारी वायर, आणि गाडी वळवताना ती आधी मनगटाला नि मग गिअरच्या दांडीला वेटोळं घालणार. बॅटरीवर चालणारी, बिनवायरची कव्हरंही आहेत, ती त्यातल्या त्यात बरी. पण कव्हर जाड असलं की हातातली पकड बदलते, आणि सैल असलं तर चाक आपल्या जागी राहून कव्हरच तुमच्या हातात फिरतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आणखी एक भानगड आहे. लेन धरून ठेवणारी यंत्रणा चालू असताना तुमचे हात चाकावर आहेत ना, हे ओळखायला काही कंपन्या कड्यातच स्पर्श कळणारा थर बसवतात. त्यावर फोमचं कव्हर चढवलं की गाडीला तुमचे हातच कळेनासे होतात. मग ती सारखी टुंग टुंग करत बसते, नाहीतर यंत्रणाच बंद करते. आपली गाडी असली असेल तर कव्हराचा विचार सोडूनच द्या.

आता एअरबॅग. ती म्हणजे घडी करून ठेवलेली पिशवी आणि तिच्यामागे स्फोटक भरलेला इन्फ्लेटर. धडक झाली की पापणी लवायच्या आत, साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत, पिशवी फुगून तुमच्या तोंडासमोर येते. तुम्ही पट्टा लावून नीट बसलेले असलात तर जीव वाचतो. तुम्ही मांडीवर चाक घेऊन, तोंड खाली घालून, आतल्या वायरी चाचपत असलात तर तीच वस्तू जीव घेऊ शकते. बॅटरी काढली म्हणजे काम झालं असं समजू नका. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात, धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून मुद्दाम बसवलेले. बॅटरी काढल्यावरही ते काही वेळ भरलेले राहतात. टोयोटाच्या पुस्तकात ९० सेकंद थांबा असं असतं, होंडाच्या ३ मिनिटं, कुठे त्याहून जास्त. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मल्टिमीटर लावून 'करंट येतोय का बघू' म्हणणारा जर कोणी तुमच्या गॅरेजात उभा असेल, तर त्याला हाताला धरून बाहेर काढा. मीटरच्या स्वतःच्या बारीकशा विजेनेही एअरबॅग उडू शकते.

जर्मनीत याबाबत सरळ कायदाच आहे. तिथे एअरबॅग स्फोटकांच्या कायद्याखाली येते आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच ती हाताळायची असते. स्टुटगार्ट-म्युनिककडच्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं, तिकडे शनिवारच्या पोह्यांवर हे काम उरकणं बेकायदाही ठरेल. कॅनडा-अमेरिकेत गाडीमालकाला स्वतःच्या गाडीत हात घालायला असं कोणी अडवत नाही. अडवत नाही म्हणून घालावा असं नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम फुकटचं आहे. तुमच्या गाडीत गरम स्टिअरिंग आधीच आहे का ते बघा. हसू नका. इकडे सेकंडहँड गाड्या फार घेतल्या जातात, आणि थंड हवेच्या पॅकेजबरोबर आलेलं हे बटण कंपन्या कुठे कुठे लपवतात ते बघण्यासारखं आहे. कुठे स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी, कुठे डाव्या गुडघ्याजवळ, कुठे थेट स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी असल्या गाडीत आख्खा हिवाळा लोकरीचे हातमोजे घालून काढला. मार्चमध्ये मुलाने गाडी धुताना खालून बटण दाबलं आणि विचारलं, "आई, हे काय आहे गं?" तेव्हा गाडीचं पुस्तक उघडा, त्यातून नाही कळलं तर गाडीचा व्हीआयएन क्रमांक डीलरच्या पार्ट्स खिडकीवर द्या आणि या गाडीत कारखान्यातून काय काय आलं आहे ते विचारा. काही गाड्यांत सामान बसवलेलं असतं आणि सॉफ्टवेअरने ते बंद ठेवलेलं असतं. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम सीट आणि गरम स्टिअरिंग महिन्याच्या भाड्याने देऊन पाहिलं होतं. आपल्याच गाडीतली आपलीच ऊब भाड्याने घ्यायची, या कल्पनेवर लोक इतके उखडले की गरम सीटच्या भाड्याचा नाद कंपनीने २०२३ मध्ये सोडला.

बटण नाही, सामानही नाही, आणि तरी हवंच असेल, तर माझ्या मते एकच रस्ता धड आहे. तुमच्याच गाडीच्या, त्याच सालच्या, वरच्या मॉडेलमध्ये कंपनी जे गरम स्टिअरिंग देते तेच आणायचं, त्याच्या जोडीची क्लॉक स्प्रिंग आणायची, बटण आणि वायरिंग त्याच कंपनीचं घ्यायचं, आणि हे सगळं एअरबॅगचं काम नियमित करणाऱ्या गॅरेजकडून बसवून घ्यायचं. तुमची आहे ती एअरबॅग बहुतेक वेळा नव्या चाकावर चढते, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. पार्ट नंबर जुळतो का हे खर्च करण्याआधी बघायचं, चाक घरी आल्यावर नाही. काही गाड्यांत स्टिअरिंग कुठल्या कोनात आहे ते सांगणारा सेन्सर क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असतो. ती बदलली की तो नव्याने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर घसरण रोखणारी यंत्रणा दिवा लावून बसते. बर्फाच्या देशात हिवाळ्यात ती यंत्रणा बंद पडणं म्हणजे उबेची भलतीच किंमत मोजणं. शिवाय फोक्सवॅगन, ऑडी वगैरेंमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरला 'आता गरम स्टिअरिंग आलं आहे' असं कोडिंग करून सांगावं लागतं. ते केलं नाही तर सगळं सामान बसवूनही चाक गारच राहतं.

हिशेब मांडा. चाक, क्लॉक स्प्रिंग, बटण, मजुरी, कोडिंग. रक्कम सहज काही शे डॉलरांत जाते. एवढ्यात उत्तम हातमोज्यांचे कित्येक जोड येतात, हे बायकोने किंवा नवऱ्याने म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवतो. गाडी लीजवर असेल तर हा विषयच सोडा. वर्षा-दोन वर्षांत ती विकणार असाल तरी सोडा, आणि पुढची गाडी घेताना गरम स्टिअरिंग असलेलं मॉडेलच निवडा. कारखान्यातून येताना ते पॅकेजमध्ये स्वस्तात पडतं.

चाक तेच ठेवून त्याचं चामडं उसवायचं, आत पॅड घालायचं आणि पुन्हा शिवायचं, असा एक मधला रस्ता काही कारागीर सुचवतात. शिवणकाम सुरेख असतं त्यांचं, त्याबद्दल वाद नाही. पण पॅडला वीज कुठून देणार हा प्रश्न शिवणकामाने सुटत नाही, तो त्या क्लॉक स्प्रिंगपाशीच येऊन थांबतो. कारागीर त्याचं उत्तर नेमकं देऊ शकला, तापमान तोडणारा सेन्सर दाखवू शकला, तर पुढे बोला. सेन्सर नसलेल्या पॅडपासून मधुमेहींनी तर चार हात लांब राहावं. मधुमेहात नसांना इजा होऊन हातापायांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग चटका बसतोय हे कळतच नाही. अपघाताने किंवा आजाराने शरीराची संवेदना गेलेल्या माणसांना सीटच्या हीटरने गंभीर भाजल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदलेली आहेत. आपल्या लोकांत मधुमेह किती आहे ते मी सांगायला नको.

भंगारातून आणलेल्या चाकाबद्दल दोन शब्द जास्त बोलणार आहे, कारण पैसे वाचवण्याची खरी उबळ तिथेच येते. अपघातग्रस्त गाडीतलं गरम स्टिअरिंग, चामडं चकचकीत, किंमत नव्याच्या चौथाई, आणि विकणारा म्हणतो, एअरबॅगसकट घेऊन जा. चाक घ्यायचं तर घ्या, एअरबॅग घेऊ नका. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आणि उष्णतेने खराब होत गेलं. मग धडकेत पिशवी फुगण्याऐवजी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले. एकट्या अमेरिकेत ६ कोटींहून जास्त इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, माणसं मेली, आणि कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. तुमची गाडी आयुष्यभर कोरड्या थंडीत उभी राहिली असेल, पण भंगारातली ती एअरबॅग फ्लोरिडाच्या उकाड्यात किती उन्हाळे शिजली हे तिच्याकडे बघून कळत नाही. याशिवाय बनावट इन्फ्लेटरचा धंदा वेगळाच. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, सेकंडहँड गाड्यांत बसवलेले निकृष्ट इन्फ्लेटर फुटून माणसं दगावल्यानंतर. ऑनलाइन मागवलेली एअरबॅग तर कायद्यानेही धोकादायक मालात मोडते, साध्या खोक्यात घालून पाठवायची ती वस्तू नाही. कोणी तशी पाठवत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

चाक दांड्यावर आवळणारा एकच बोल्ट किंवा नट असतो, त्याकडेही दुर्लक्ष होतं. फोर्डने २०१८ मध्ये फ्यूजन आणि लिंकन एमकेझेड मिळून उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ १४ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण तो बोल्ट सैल पडून चाक हातात येण्याची शक्यता होती. २०२३ मध्ये टेस्लाच्या मॉडेल वाय गाड्यांत चालत्या गाडीचं चाक निघाल्याच्या दोन तक्रारी आल्या. बोल्ट बसवायचाच राहिला होता. मोठमोठ्या कारखान्यांत, ठरलेल्या ताकदीने बोल्ट आवळणारी यंत्रं हाताशी असताना हे होतं. तुमच्या ड्राइव्हवेवर, उणे १५ मध्ये, बधिर बोटांनी पान्हा धरून, 'बास, घट्ट झालं' असं अंदाजाने ठरवायचं का? कित्येक गाड्यांत तर तो बोल्ट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो, नवा घालायचा असतो.

वॉरंटीची भीती घालणारेही भेटतील. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट बसवला एवढ्यावरून कंपनीला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या पार्टमुळेच जे बिघडलं त्याची भरपाई तुम्हाला मिळणार नाही, हेही तितकंच खरं. विमा कंपनीला मात्र काम करण्याआधी कळवा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. अपघातात एअरबॅग उघडली नाही आणि स्टिअरिंग बदललेलं निघालं, तर पहिला प्रश्न त्यावरच येणार.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही किंवा पटत नाही, त्यांनी हिवाळाभर कुढायची गरज नाही. ब्लॉक हीटर असेल तर तो खरंच वापरा. पश्चिम कॅनडात कित्येक गाड्यांना तो असतो, पुढच्या जाळीतून प्लग लोंबत असतो, आणि आपले लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. निघण्याआधी दोन-तीन तास वीज दिली की इंजिनातलं पाणी कोमट राहतं आणि केबिनमध्ये गरम हवा लवकर येते. रिमोट स्टार्ट वापरत असाल तर गाडी बंद गॅरेजात चालू करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दाराच्या फटीतून घरात शिरतो, त्याला वास नसतो, आणि त्याने झोपेत माणसं जातात. टोरोंटोत तर गाडी उभ्या उभ्या एका मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवण्यालाच नियमाने मनाई आहे. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जरला लावलेली असतानाच फोनवरून आतली हवा तापवून घ्या, म्हणजे ती वीज बॅटरीतून जाणार नाही. एक कबूल करायला हवं, गरम स्टिअरिंगचा खरा हिशेबी फायदा इलेक्ट्रिक गाडीतच आहे. केबिनची सगळी हवा तापवायला काही किलोवॅट लागतात, तर सीट आणि चाक मिळून दीडदोनशे वॅटमध्ये माणूस ऊबदार राहतो. त्यामुळे हीटर कमी ठेवता येतो आणि बॅटरी जास्त अंतर पुरते. हातमोजे घेताना लोकरीचे घेऊ नका, चाकावर घसरतात. आतून अस्तर असलेले पातळ चामड्याचे, नाहीतर तळव्याला रबराची पकड असलेले घ्या.

आणि सगळं ऐकून-वाचून ज्यांनी काम करून घ्यायचंच ठरवलं असेल, त्यांनी गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी काही गोष्टी त्याच्यासमोर करून बघा. संकोच करू नका, 'काय म्हणेल तो' हा आपला जुना आजार इथे नको. जाण्याआधी घरी बसून कंपनीच्या संकेतस्थळावर आपला व्हीआयएन क्रमांक टाका आणि एअरबॅगचं काही रिकॉल बाकी आहे का ते बघा. असलं तर ते काम आधी, डीलरकडे, फुकट. मग किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि थोड्या सेकंदांनी विझतो ना ते बघा. लागलाच नाही तर तेही संशयास्पद आहे, एखाद्याने दिव्याचीच वायर काढून ठेवलेली असते. चाकं सरळ असताना स्टिअरिंग सरळ आहे ना? हॉर्न वाजवत चाक पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. क्लॉक स्प्रिंग एक फेरा चुकवून बसवलेली असेल तर एका बाजूच्या टोकाला पट्टी ताणली जाऊन फाटते, हॉर्न अर्ध्यात मुका होतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. हे गॅरेजच्या आवारात झालेलं बरं. वळण घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो का तेही बघा, तो खटका तिथेच जवळ असतो. हीटर लावून पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि कड्यावरून सगळीकडे हात फिरवा. एखादी जागा चटका देत असेल किंवा जळका वास येत असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. हीटरला स्वतंत्र फ्यूज कुठे दिला आहे तो डोळ्यांनी बघा, किती अँपिअरचा ते विचारा, आणि इंजिन बंद केल्यावर हीटरही बंद होतो ना याची खात्री करा, नाहीतर उणे २५ च्या सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल. बिलावर जुन्या-नव्या दोन्ही पार्टचे नंबर लिहून घ्या आणि जुनं चाक मागून घ्या. ते तुमचं आहे, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ चाकच हवं असेल तर कामी येईल.